जुन्या पोशाखाची परीक्षा

शाळामास्तराच्या संसारात नव्या वस्तूंपेक्षा जुन्या वस्तूंचीच वर्दळ अधिक. माझी पहिली सायकल जुनी, पहिले घड्याळ जुने, आणि माझ्याजवळचा 'अमरकोश' तर मजकडे येण्यापूर्वी तिघांच्या हातून गेलेला. त्या तिघांची नावे पहिल्या पानावर तीन निरनिराळ्या शाईंत आहेत. जुनी वस्तू घेताना मनुष्य फसतो, नाही असे नाही. पण फसून फसून किती फसणार? सायकलची साखळी तुटली तर चार मैल पायी चालावे लागते, कोशाचे पान गेलेले निघाले तर ग्रंथालयाची पायरी चढावी लागते. परंतु जिच्या एकेका शिवणीवर घरच्या मुलाची सुरक्षितता अवलंबून आहे, अशी जुनी वस्तू पारखावयास जाण्याचा प्रसंग साठी उलटल्यावर, आणि तोही स्कॉटलंडात, मजवर येईल असे कोणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते.

माझ्या कैलासवासी धाकट्या भावाचा एकुलता एक मुलगा ग्लासगो शहरी नोकरीस आहे. गेल्या वर्षी चैत्रात त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो. आठ दिवस झाले नाहीत तोच घरून भावजयीचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही तिकडे आहात तोवर त्याला तेवढे आवरा. मालवणला चार बुड्या मारल्या तेव्हा मी काही बोलले नाही. पण आता तो तिथल्या बर्फासारख्या पाण्यात उतरायचे म्हणतो आहे, आणि त्यासाठी कुणाचा तरी वापरलेला पोशाख घेणार आहे म्हणे! ह्यांना पाण्याचे किती भय होते, ते तुम्हांला ठाऊकच आहे."

मला ठाऊक होते. ते भय कोठून आले हेही ठाऊक होते. आणि मजखेरीज ते ठाऊक असणारा दुसरा मनुष्य आता या जगात उरलेला नव्हता.

त्याच रात्री जेवण झाल्यावर मी विषय काढला. निषेध करावयाचा हे ठरवूनच बसलो होतो. पण निषेध करण्यापूर्वी पूर्वपक्ष नीट ऐकून घ्यावा, ही आम्हा संस्कृत शिकलेल्यांची खोड. पुतण्याने तो मोठ्या शांतपणे मांडला.

मालवणचे पाणी उबदार. तेथे अंगास चिकटणारा पातळ वेटसूट पुरतो. त्यात पाणी शिरतेच, परंतु त्याचा पातळसा थर अंगाच्या उष्णतेने तापतो आणि तेवढ्यावर निभते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील समुद्राचे लांबट फाटे, ज्यांस तिकडे 'लॉक' म्हणतात, त्यांत चैत्र-वैशाखात पाणी सात-आठ अंशांवर असते. पाणी अंगातील उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. म्हणून तेथे 'ड्रायसूट' हवा. हा पोशाख पाण्यास आत येऊच देत नाही. आत लोकरी किंवा तशाच उबदार कापडाचे कपडे घालावयाचे, त्यांत हवा कोंडून राहते, आणि ती हवाच मनुष्यास ऊब देते. गळ्याशी व दोन्ही मनगटांशी रबराची घट्ट पट्टी असते. पाठीवरून किंवा छातीवरून तिरकी जाणारी जलाभेद्य चेन असते. छातीवर हवा आत घेण्याची एक झडप आणि डाव्या दंडावर हवा बाहेर सोडण्याची दुसरी.

"हवा आत कशाला घ्यावयाची?" मी विचारले.

"अण्णा, दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि पोशाखातील हवा निम्मी होते. मग कापड अंगाला चिमटे घेऊ लागते आणि ऊबही जाते. म्हणून टाकीतली थोडी हवा पोशाखात घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते, ती सोडत सोडत यायचे. नाही सोडली तर मनुष्य फुग्यासारखा वर फेकला जातो. ते शिकण्यासाठी निराळा वर्ग असतो, तो मी पुरा केला आहे. पोशाख मात्र आजवर भाड्याचा होता."

नवा पोशाख हजार ते दोन हजार पौंडांस पडतो. हेलेन्सबर्ग नावाच्या गावी एक वृद्ध गृहस्थ आपला पोशाख साडेतीनशेस देत होते. पुतण्या रविवारी तो पाहावयास जाणार होता.

"मीही येतो," मी म्हणालो. निषेध तसाच राहिला.

मधल्या चार दिवसांत मी माझ्या सवयीप्रमाणे थोडे वाचून काढले. तीन पदरी कापडाचा जो ड्रायसूट आज वापरतात, त्यात बाहेर व आत विणलेले कापड आणि मध्ये रबराचा थर असतो. ही युक्ती याच ग्लासगो शहरच्या चार्ल्स मॅकिंटॉशची. १८२३ साली त्याने दोन कापडांमध्ये विरघळवलेले रबर पसरून पावसाळी कापडाचे पेटंट घेतले. पुढे १८३० नंतरच्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीबे याने जलाभेद्य पोशाखास धातूचे शिरस्त्राण जोडून पाणबुड्याचा बंदिस्त वेष सिद्ध केला.

त्याहून एक गोष्ट मला फार लागली. १९०६ साली जॉन स्कॉट हाल्डेन हा शास्त्रज्ञ ब्रिटिश आरमारासाठी क्लाइड नदीच्या मुखाकडील खोल पाण्यात पाणबुड्यांवर प्रयोग करीत होता. कोणत्या खोलीवरून किती टप्प्यांनी वर आले असता शरीरास अपाय होत नाही, हे त्याने ठरविले, आणि त्याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध झाली. त्या प्रयोगांच्या वेळी त्याने आपल्या तेरा वर्षांच्या मुलासही पाण्यात उतरविले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा. मनगटाशी तो सैल पडला आणि गार पाणी आत शिरू लागले. मुलगा वर आला तेव्हा आत बरेच पाणी साठले होते. सुदैवाने त्यास काही झाले नाही. तोच मुलगा पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून जगप्रसिद्ध झाला, १९५७ साली आपल्या देशात येऊन राहिला, येथील नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला. बापाची विद्या एवढी थोर, पण मुलाच्या मनगटाशी पट्टी बसते की नाही हे पाहण्यात उणीव राहिली. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी आम्ही आगगाडीने हेलेन्सबर्गला गेलो. गाव क्लाइडच्या काठी, टुमदार. ते गृहस्थ सत्तरीचे. हृदयविकारामुळे डॉक्टरांनी त्यांस पाण्यात उतरण्याची बंदी केली होती. त्यांचे इंग्रजी मला निम्मेच कळे, उरलेले पुतण्या सांगे. पोशाख त्यांनी एका रुंद खुंटीवर लटकावून ठेवला होता, घडी घातलेला नव्हता. चेन दुमडली की बिघडते म्हणून. शेजारी एक जाड वही होती. तीत त्यांनी आपल्या प्रत्येक बुडीची तारीख, स्थळ, खोली आणि पाण्याची उष्णता लिहिली होती. चेन कधी बदलली, पट्ट्या कधी बदलल्या, हेही त्याच वहीत.

आरंभीच ते म्हणाले, "मनगटाच्या पट्ट्या संपल्या आहेत. आहेत तशा घालून पाण्यात उतरू नका. त्या बदलण्याचा खर्च धरूनच मी किंमत सांगितली आहे."

न्यायशास्त्रात चार प्रमाणे सांगितली आहेत, त्यांत आप्तवाक्य हे एक. आप्त म्हणजे जो वस्तुस्थिती जाणतो आणि ती जशी आहे तशीच सांगतो तो. मराठीत आपण हा शब्द नात्यागोत्याच्या माणसांस लावतो, पण मूळ अर्थ रक्ताच्या नात्याचा नाही, सत्याच्या नात्याचा आहे. आपल्या मालाचा दोष गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच सांगणारा तो परका म्हातारा मला त्या क्षणी आप्त वाटला.

तरी आप्तवाक्यावर विसंबून प्रत्यक्ष सोडू नये. पुतण्याने पोशाख अंगावर चढवून पाहिला. हात वर केले, उकिडवा बसला, उजवा हात डाव्या दंडावरील झडपेपर्यंत पोहोचतो की नाही ते पाहिले. पोशाख फार ढगळ असेल तर हवा पायांत जाऊन मनुष्य उलटा होतो. फार तंग असेल तर झडपेस हात लागत नाही. माप ठीक होते. मग त्या गृहस्थांनी मनगटाची रबरी पट्टी ताणून दाखविली. पुष्कळ दिवस उन्हात पडलेल्या रबरास जशा बारीक चिरा पडतात तशा तीत पडल्या होत्या. गळ्याची पट्टी नवी होती, मऊ होती, बोटास चिकटत नव्हती. चेनचे पितळी दात एकेक करून मी चष्मा लावून पाहिले. एकही तुटलेला नव्हता. दोन्ही बाजूंच्या कापडी पट्टीचे धागेही सुटलेले नव्हते. चेन बदलणे हीच या पोशाखाची सर्वांत खर्चिक दुरुस्ती, असे कळले.

"झाले तर मग," पुतण्या म्हणाला आणि खिशातून पैसे काढू लागला.

"झाले नाही," मी म्हणालो. "यात हवा भरून, साबणाचे पाणी लावून पाहू."

पुतण्या किंचित ओशाळला. मनुष्य एवढा सचोटीचा, त्याच्या दारात उभे राहून अविश्वास दाखवावयाचा हे त्यास बरे वाटेना. परंतु ते गृहस्थच आनंदाने उठले. मनगटांत दोन रिकाम्या बाटल्या खुपसल्या, गळ्यात नातवाचा चेंडू बसविला, चेन लावली, दंडावरची झडप बंद केली आणि टाकीची नळी छातीवरच्या झडपेस जोडून हवा सोडली. पाहता पाहता तो पोशाख फुगून अंगणात आडवा झाला. शिर नाही, पोट मात्र टम्म! रामायणातील कबंध मी आजवर वर्णनातच पाहिला होता, तो तेथे मूर्तिमंत दिसला. मलाही हसू आले.

मग बादलीत साबणाचे पाणी कालवून आम्ही रंगाच्या कुंचल्याने शिवणी भिजवू लागलो. मनगटांशी अपेक्षेप्रमाणे फेस उठला. चेन स्वच्छ. खांदे स्वच्छ. दहा मिनिटांनी पुतण्या म्हणाला, "अण्णा, पुरे आता." मी म्हणालो, "अर्धा तास." गुडघे टेकून मी एकेक शिवण पुन्हा भिजवीत गेलो. डाव्या पायाच्या घोट्याखाली, जेथे पायमोज्याचा भाग पोटरीस जोडला होता, तेथे मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला.

ते वृद्ध गृहस्थ वाकून पुष्कळ वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गेल्या दोन हिवाळ्यांत डावा मोजा दमट लागे. मला वाटे, घाम असेल."

ते खोटे बोलले नव्हते; त्यांस ठाऊकच नव्हते. आप्ताची दोन लक्षणे, सत्य बोलणे आणि सत्य जाणणे. त्यांपैकी पहिले असून दुसरे नसले तरी घात होतोच. तसे पाहिले तर तेवढ्या छिद्रातून शिरलेल्या पाण्याने मनुष्य बुडत नाही. पण ओला मनुष्य थंडावतो, थंडावलेल्याची बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटांस हवी त्या क्षणी झडप सापडत नाही.

त्यांनी आपण होऊन शंभर पौंड कमी केले. छिद्राभोवती खडूने वर्तुळ काढून दिले, आतून घासून कोणते चिकटद्रव्य कसे लावावे ते सांगितले. निघताना मला म्हणाले, "तुम्ही कधी पाणबुडे होता काय?" मी म्हणालो, "नाही. मी मुलांना शब्द चालवावयास शिकवीत असे."

परतीच्या गाडीत पोशाखाची पिशवी समोरच्या बाकावर होती. उजवीकडे क्लाइडचे पात्र, ओहोटीने उघडा पडलेला चिखल. पुतण्या म्हणाला, "अण्णा, एवढे हटून का बसलात? तुम्हांला मी असे कधी पाहिले नव्हते."

मग मी त्यास सांगितले. १९७० सालचा वैशाख. मी बारा वर्षांचा, त्याचे वडील नऊ वर्षांचे. मळ्यातील विहिरीस दोन पुरुष पाणी होते आणि धाकट्यास पोहावयास शिकवावयाचे होते. आमच्याकडे पाठीस पत्र्याचा बंद डबा बांधून मुलांना पाण्यात सोडीत. डाख लावून पक्का केलेला नवा डबा आणण्यासाठी आईने मजपाशी दोन रुपये दिले. आम्ही दोघे भाऊ बाजारात गेलो. भंगारवाल्याकडे एक जुना डबा बारा आण्यांस मिळाला. तो मी कानाशी नेऊन वाजवून पाहिला. पाण्यात बुडवून बुडबुडे निघतात काय, हे पाहिले नाही. घरी हंडा भरलेला होता, क्षणाचे काम होते. उरलेल्या सव्वा रुपयाचा, त्याच बाजारात मांडलेल्या जुन्या पुस्तकांतून, मी अमरकोश घेतला.

पहिले दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीच्या मध्यावर डाखाचा सांधा सुटला. डब्यात पाणी भरले आणि जो तारावयाचा तोच पाठीवर धोंडा होऊन बसला. मळेकऱ्याने उडी घालून त्यास वर काढले. छातीत कफ धरून तो तीन आठवडे अंथरुणास खिळला होता. डबा फेकून दिला गेला. तो कोठून आणला, हे मजला कोणी विचारले नाही. ज्यास ठाऊक होते त्यानेही कधी सांगितले नाही. बावन्न वर्षे आम्ही भाऊ म्हणून एकत्र नांदलो. लोक त्यास पाण्यास भिणारा म्हणून हसत, आणि मी तेथेच बसलेला असे. तो मजकडे एकदा पाही आणि विषय बदली.

पुतण्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. "गणपतीपुळ्याला बाबा आमच्या सगळ्यांच्या चपला धरून वाळूत उभे राहत," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण मला पोहायला त्यांनीच घातले, आई नको म्हणत असताना. तलावावरच्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले होते, 'डबा कसला बांधता?' तिथे डबे नव्हतेच. मला त्यांची लाज वाटली होती."

यापुढे ग्लासगो येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. उतरताना पिशवीचे एक टोक त्याने धरले व दुसरे मी.

मनगटाच्या पट्ट्या दुकानातून नव्या बसवून आणल्या. घोट्याचे छिद्र आम्ही घरीच बुजविले, आणि दोन दिवस वाळू देऊन पुन्हा साबणाचे पाणी लावले. बुडबुडा आला नाही. मग त्याने तो पोशाख प्रथम पोहण्याच्या तलावात घालून पाहिला, आणि वैशाखाच्या अखेरीस लॉक लाँग येथे, आपल्या जोडीदारासह, तो समुद्रात उतरला. जोडीदारावाचून तेथे कोणी उतरत नाही. दोघे एकमेकांच्या झडपा व नळ्या तपासतात, मगच पाण्यात पाऊल टाकतात. मी काठावर खडकावर बसून होतो. पाणी काळेशार. त्यांच्या श्वासाचे बुडबुडे वर येत, आणि बुडबुड्यांकडे पाहून समाधान मानण्याचा तो माझ्या आयुष्यातील पहिलाच प्रसंग होता.

३४ मिनिटांनी दोघे वर आले. खाली पाणी ८ अंश होते, असे त्याच्या मनगटावरील यंत्राने सांगितले. चेन उघडून त्याने डावा मोजा काढला आणि माझ्या हाती दिला. मी तो पिळून पाहिला, गालास लावून पाहिला. कोरडा होता.

रात्री भावजयीस फोन केला. तिने विचारले, "आवरलेत का त्याला?" मी म्हणालो, "नाही आवरले. त्याचा पोशाख तपासून दिला." आणि मग जे आगगाडीत त्यास सांगितले होते तेच तिलाही सांगितले. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. शेवटी ती म्हणाली, "भाऊजी, मला ते त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितले होते. म्हणाले होते, दादाला कधी बोलू नकोस."

घरी परत आल्यावर मी फडताळातून अमरकोश काढला. पहिल्या पानावर तीन नावे होती. माझे नाव मी त्यावर कधी घातले नव्हते. त्या दिवशी दौत घेऊन बसलो, आणि तीन नावांखाली माझे नाही, धाकट्याचे नाव लिहिले.